टाइल मोरबीची, हात माझा

गेल्या हिवाळ्यात पणजीतल्या एका हस्तकला बाजारात माझ्या टेबलासमोर एक वयस्क गृहस्थ बराच वेळ उभे होते. निळ्या रंगात तुळशीवृंदावन रंगवलेली एक टाइल त्यांनी उचलली, उलटी केली, मागच्या बाजूच्या उभ्या-आडव्या खाचा आणि त्यांच्यामधून उठलेली कारखान्याची खूण पाहिली, आणि आवाज मुळीच न चढवता विचारले, "बाई, पाटीवर तुम्ही ‘हस्तनिर्मित टाइल्स’ असे लिहिले आहे. मग ही खूण कुणाच्या हाताची?" मी चित्र हाताने काढल्याचे सांगितले. "मग तसेच लिहावे," एवढे बोलून त्यांनी टाइल होती तशी, होती तिथे ठेवली आणि ते निघून गेले. त्या दिवशी विक्री बरी झाली होती, तरी रात्री डिचोलीला परतताना हिशेबापेक्षा ते वाक्यच डोक्यात फिरत राहिले, कारण त्यात चुकीचे काहीच नव्हते.

गोव्यातल्या बाजारांत आम्ही जी मंडळी ‘हातच्या’ टाइल्स विकतो, त्यांतल्या माझ्या ओळखीच्या बहुतेकांची टाइल गुजरातमधल्या मोरबीहून आलेली असते. बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून आम्ही पांढरी, चकचकीत, भिंतीला लावायची टाइल खोक्याने विकत आणतो. तिच्यावर ग्लेझवर, म्हणजे टाइलच्या वरच्या काचेसारख्या थरावर, चालणाऱ्या रंगांनी चित्र काढतो आणि लहानशा विजेच्या भट्टीत सुमारे आठशे अंशांपर्यंत भाजतो, म्हणजे रंग वरच्या काचेत रुततो आणि पुढे घासला तरी जात नाही. टाइलची माती मळणे, ती दाबणे, वाळवणे आणि तिला पहिली भाजणी देणे ही सगळी कामे आमच्या हाती येण्यापूर्वीच यंत्राने उरकलेली असतात. यात लपवण्यासारखे काही आहे असे मला कधी वाटले नव्हते, कारण कुणी विचारलेच नव्हते. पण न विचारलेली गोष्ट न सांगणे आणि पाटीवर तिच्या उलट लिहिणे यांत फरक आहे, आणि मी दुसऱ्या बाजूला उभी होते.

ज्या कलेच्या नावावर आमचा धंदा चालतो, तिची रीत याहून वेगळी आहे. ती कला म्हणजे आझुलेजो, पोर्तुगीज धाटणीची चित्रांची टाइल. आझुलेजो हा शब्द अरबीतून आलेला आहे आणि त्याचा मूळ अर्थ चकाकी दिलेला लहान दगड असा सांगितला जातो. पोर्तुगीज भाषेत निळ्या रंगाला ‘आझुल’ म्हणतात म्हणून हे नाव पडले, अशी समजूत बाजारात रोज एकदा तरी ऐकावी लागते, पण ती खरी नाही. जुन्या पद्धतीत एकदा भाजलेल्या मातीच्या टाइलवर कथिलयुक्त पांढऱ्या ग्लेझचा थर ओततात आणि तो कच्चा, भुकटीसारखा असतानाच त्यावर रंगवतात. तो थर टीपकागदासारखा रंग पितो, त्यामुळे कुंचला थबकला की डाग पडतो आणि काढलेली रेघ पुसता येत नाही. मग ग्लेझ आणि चित्र दोन्ही एकदमच, हजार अंशांच्या आसपास भाजून पक्के होतात. सतराव्या शतकात चिनी पोर्सेलीनच्या आणि डच टाइल्सच्या प्रभावाने पोर्तुगालमध्ये निळ्या-पांढऱ्याची लाट आली. कोबाल्टचा निळा तेवढी धग सोसून टिकतो, हेही त्याच्या बाजूचे होते. पणजीत हे काम पाहायचे असेल तर इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात जावे. तिथल्या भिंतींवर जॉर्ज कोलासो या चित्रकाराची १९३५ सालची टाइलचित्रे आहेत आणि त्यांत पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग रंगवलेले आहेत. त्यांतला आशय राज्यकर्त्यांच्या अभिमानाचा आहे, आणि माझ्या पिढीच्या गोमंतकीयाला तो पाहताना थोडे अवघडल्यासारखे होते; पण समुद्राचे पाणी एकाच रंगाच्या किती छटांनी उभे केले आहे ते पाहण्यासाठी मी आजही वर्षातून दोनदा तरी तिथे जाते.

माझ्या पद्धतीत मात्र चूक पुसता येते, आणि हे मी आता न लाजता सांगते. टाइल आधीच काचेसारखी असल्याने रंग भाजण्यापूर्वी ओल्या कापसाने किंवा टर्पेंटाइनने काढून पुन्हा काम करता येते. सोय तेवढीच, बाकी कष्ट वेगळ्या ठिकाणी आहेत. रंगात मिसळलेले तेल भट्टीत आधी जळून जावे लागते, म्हणून सुरुवातीला झाकण किलकिले ठेवावे लागते आणि घरभर लवंगेच्या तेलाचा उग्र धूर होतो. सुमारे ५७३ अंशांवर मातीतल्या क्वार्ट्झचे आकारमान एकाएकी बदलते, त्यामुळे तो टप्पा चढताना आणि उतरताना घाई केली तर टाइल तडकते. भाजून झाल्यावर आत काय झाले आहे ते पाहण्याची कितीही उत्सुकता असली तरी रात्रभर भट्टीला हात लावायचा नसतो. त्यातच संध्याकाळी वीज गेली तर मधेच थांबलेल्या भाजणीचे रंग धुरकट आणि खरखरीत निघतात. डिचोलीत राहण्याची आणखी एक किंमत आहे: उन्हाळ्यात खिडकी उघडी राहिली की तांबडी धूळ ओल्या रंगावर बसते आणि भट्टीतून निघालेल्या पांढऱ्या आकाशात तपकिरी ठिपके उमटतात. अशी टाइल विकता येत नाही. माझ्या मोरीची एक भिंत याच टाइल्सनी भरली आहे आणि पाहुण्यांना ती दुकानातल्या मालापेक्षा अधिक आवडते.

तांबड्या रंगाविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण माझे खरे मन तिथे आहे. गोव्यातल्या आणि कोकणातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी नावाचे काम आढळते. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव, म्हणजे तांबडी माती मिसळलेला थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा उघडा करतात. दोनच रंग, पण वेली, हंस, दशावतार, सगळे त्यांत मावते. पोर्तुगीज निळ्याच्या पर्यटकी मागणीला कंटाळून मी पाच-सहा वर्षांपूर्वी कावीचे नमुने टाइलवर घ्यायला लागले. रीत तशीच ठेवली: आधी टाइलभर लोखंडाच्या ऑक्साइडचा तांबडा देते आणि तो वाळला की बांबूच्या कोरणीने खरवडून पांढरी रेघ काढते. हा तांबडा मोठा मानी आहे. सुमारे साडेसातशे अंशांवर तो भिंतीवरच्या कावेसारखा दिसतो, थोडी अधिक धग लागली की तपकिरी होतो आणि मग जुन्या गुळासारखा दिसतो. कोबाल्टच्या बाबतीत पन्नास अंश इकडे-तिकडे झाले तरी कुणाच्या लक्षात येत नाही, आणि म्हणूनच असेल, बाजारात निळे काम करणारे दहा तर तांबडे करणारा एखादाच भेटतो.

बाजारात एकाच प्रकारच्या दिसणाऱ्या टाइल्स वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या असतात आणि गिऱ्हाइकाला ते कळण्याची सोय कुठेच नसते. काहींवर ॲक्रिलिक रंगाने काढून नुसते वार्निश दिलेले असते. काम हाताचेच असते, चित्रही पुष्कळदा सुरेख असते, पण भट्टी न पाहिल्यामुळे नखाने खरवडले की रंग सुटतो आणि पावसाळ्यात अंगणातल्या भिंतीवर त्याचे पापुद्रे निघतात. काहींवर छापील चित्राचा कागद उष्णतेने दाबून रंग उतरवलेला असतो. भिंगातून पाहिले तर बारीक ठिपके दिसतात, एका नमुन्याच्या दहा टाइल्स केसाचाही फरक नसलेल्या मिळतात आणि उन्हात वर्षा-दोन वर्षांत त्या फिकट पडतात. माझ्या शेजारच्या टेबलावर असाच माल घेऊन बसणारा एक तरुण आहे. तो मला काकी म्हणतो, मी जेवायला उठले की माझे टेबल सांभाळतो, आणि माझी टाइल सहाशेला असते तिथे त्याची दीडशेला जाते. "काकी, माझी टाइल वाईट आहे का?" असे त्याने एकदा सरळ विचारले. नाही, ती वाईट नाही. फ्रिजवर लावायला, मुलांच्या खोलीत टांगायला ती पुरेशी चांगली आहे. त्याची फसवणूक ‘हँडमेड’ या एका शब्दात होती, आणि माझीही तिथेच होती, फक्त प्रमाण वेगळे होते. म्हणून त्या गृहस्थांच्या प्रश्नानंतर त्याच्याकडे बोट दाखवण्याचा माझा उत्साह मावळला.

दुसऱ्या दिवशी मी नवी पाटी लिहिली: ‘टाइल कारखान्यातली. चित्र हाताने काढलेले, घरच्या भट्टीत भाजलेले. उन्हापावसात टिकते. यावर खाद्यपदार्थ वाढू नयेत.’ शेवटचे वाक्य आवश्यक होते, कारण ग्लेझवरच्या काही रंगांत शिसे किंवा कॅडमियम असू शकते आणि लोक टाइल घेतात ती पुष्कळदा चहाच्या कपाखाली किंवा चकल्यांची ताटली म्हणून वापरायला. नव्या पाटीने विक्री वाढली असे म्हणता येणार नाही. पहिली ओळ वाचून काही जण पुढे सरकले. पण जे थांबले त्यांचे प्रश्न बदलले. "थोडे कमी करा" याच्या आधी "घरची भट्टी म्हणजे कशी?" असे लोक विचारू लागले, आणि मी भाजण्यापूर्वीची एक टाइल व भाजल्यानंतरची एक अशा दोन शेजारी ठेवून दाखवू लागले. न भाजलेल्या टाइलवर बोट फिरवायला देते. बोटाला रंग लागतो आणि गिऱ्हाईक एकदम ओशाळते, तेव्हा ती त्यासाठीच ठेवली आहे असे सांगावे लागते. किती तास लागले ते सांगून किंमत पटवण्याचा प्रयत्न मी पूर्वी करत असे. आता करत नाही, कारण तास ऐकून माणसाला दया येते आणि दयेने घेतलेली वस्तू कपाटात जाते.

धंद्याची बाकीची बाजू वजनाची आहे, आणि ती अक्षरशः वजनाची आहे. सहा इंची टाइल पाव किलोहून थोडी जड भरते; शंभर टाइल्स, टेबल, छत्री आणि मागच्या जाळीचे पत्रे धरले की टेम्पोशिवाय भागत नाही. टाइल्स कधीही आडव्या रचू नयेत, वह्यांसारख्या उभ्या ठेवाव्यात आणि मधे वर्तमानपत्र घालावे, हे मी पहिल्या वर्षी अकरा टाइल्स गमावून शिकले. पर्यटकाला विमानातल्या सामानाची चिंता असते, म्हणून तो एकच घेतो आणि तीही लहान. मोठी कामे येतात ती इथल्याच लोकांकडून: घराच्या नावाची देवनागरी पाटी, देवघरामागची वेल, आणि नव्या तुळशीवृंदावनाच्या चार बाजू. देवांच्या मूर्ती मी टाइलवर काढत नाही. ही अंधश्रद्धा नाही. आवाराच्या भिंतीपाशी कुणी लघवी करू नये म्हणून तिथे देवाच्या टाइल्स बसवण्याची जी पद्धत सगळीकडे पसरली आहे, तिच्यासाठी माझ्याकडे तीनदा मागणी आली आणि तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर तो नियमच करून टाकला.

सरकारी कागदांत आमची जागा कुठे आहे, हेही एकदा शोधून पाहिले. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत कुंभार आहे, मूर्तिकार आहे, गवंडी आहे, पण तयार टाइलवर चित्र काढून ती भाजणारा नाही. याची मी तक्रार करत नाही. माती न मळणाऱ्याने कुंभाराच्या रांगेत उभे राहू नये, हे मलाही पटते.

मात्र त्या गृहस्थांचे वाक्य एवढ्यावर थांबले नाही. डिचोलीत कुंभारकाम करणारी घरे आहेत आणि माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या एका आजोबांना मी मार्चमध्ये टाइलच्या मातीविषयी विचारले. ते आधी हसले. "चाकावर सगळे गोल होते बाये, चौकोन मला नको सांगूस," म्हणाले. मग त्यांनीच लाकडाची चौकट करून दिली आणि मातीत जुन्या भाजलेल्या मडक्यांचा चुरा मिसळायला सांगितला, म्हणजे वाळताना ती कमी आकसते. पहिल्या दहा टाइल्स आम्ही उन्हात ठेवल्या आणि सगळ्यांच्या कडा पापडासारख्या वर आल्या. दुसऱ्या खेपेला सावलीत, दोन फळ्यांच्या मधे, दर काही तासांनी उलटत वाळवल्या. दहांपैकी तीन सरळ राहिल्या. त्यांच्यावर बाजारातले तयार ग्लेझ लावून भाजले, तर थंड होताना त्यावर जाळ्यासारख्या बारीक रेषा पडल्या, कारण ही माती आणि ते ग्लेझ सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. आजोबांना त्या रेषा आवडल्या. मला अजून ठरवता आलेले नाही.

आता जून उजाडला आहे. ऑक्टोबरपर्यंत बाजार नाहीत आणि हवेत एवढा ओलावा आहे की माती आठ-आठ दिवस वाळत नाही, जे टाइल सरळ राहण्यासाठी खरे तर बरेच आहे. चौथी खेप फळ्यांमधे आहे. आज सकाळी उलटल्या, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा उलटायच्या आहेत.