गेटवरचं नाव

१४ जानेवारी, रात्री साडेअकरा

सकाळी शेजारी तीळगूळ वाटला आणि दुपारी विद्यापीठाच्या गेटवर जाऊन आले. नामविस्तार दिन, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळाल्याचा दिवस. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, भीमगीतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांचे स्टॉल. परभणी, हिंगोली, नांदेडकडून आलेली माणसं डब्यातल्या भाकरी सोडून तिथंच कडेला बसलेली. एका म्हातारीनं चपला बाजूला काढल्या, गेटच्या खांबाला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. मला आजी आठवली. आजीही अगदी असंच करायची.

आजीला अक्षर येत नव्हतं. विद्यापीठ म्हणजे आत नेमकं काय असतं, हे तिनं कधी विचारलं नाही. तरी १९९५ पासून पाय चालत होते तोवर ती दरवर्षी एसटीनं या गेटवर यायची. मी एम. ए. ला असताना एकदा तिला म्हणाले, "आजी, दगडाच्या कमानीला कशाला पाया पडतेस?" ती म्हणाली, "कमानीला न्हाई गं. हितं आपलं घर जळालंय."

घर खरं तर गावात जळलं होतं, इथून दीडशे किलोमीटरवर. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि पुढच्या काही दिवसांत मराठवाड्यातल्या गावोगावच्या दलित वस्त्या पेटल्या. वडील तेव्हा सोळा वर्षांचे होते. ती रात्र त्यांनी ज्वारीच्या रानात पावसात बसून काढली. सकाळी परत आले तेव्हा कणगीतली ज्वारी अजून धुमसत होती. तो वास त्यांच्या नाकातून गेला नाही. घरात भाकरी करपली तर ते आजही उठून बाहेर जातात. ज्यांची घरं जळली त्यांच्यातल्या कितीजणांनी विद्यापीठ नुसतं पाहिलं तरी होतं? नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा त्या ऑगस्टमध्ये खून झाला. ते मातंग समाजाचे होते. शेवटपर्यंत त्यांनी जय भीम म्हणणं सोडलं नाही, असं सांगतात. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी याच मागणीसाठी स्वतःला जाळून घेतलं. आणि १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळालं, तेही नामांतर नव्हे, नामविस्तार: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. एका नावाला साडेपंधरा वर्षं लागली.

"नावानं काय पोट भरतं का?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलेय. विचारणारे सगळेच दुष्ट नव्हते, काहींना खरंच कळत नव्हतं. मला वाटतं, आमच्या घरातली नावं पाहिली की कळतं.

आजोबांचं नाव कचरू. मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून अशी नावं ठेवायचे, आणि ती इतर जातींतही असायची, हे खरं. पण दुसऱ्यांच्या कचरूला वय झाल्यावर कचरूभाऊ, कचरूकाका म्हणायचे. आजोबा सत्तरीतही गावाला 'कचऱ्या'च होते. त्यांनी आपल्या मुलाचं नाव मिलिंद ठेवलं. बाबासाहेबांनी १९५० साली याच शहरात, औरंगाबादेत, जे कॉलेज सुरू केलं त्याला पुढे मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळालं आणि त्या परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे तो ग्रीक राजा, भिक्खू नागसेनाला एकामागून एक प्रश्न विचारणारा. आजोबांना ही गोष्ट कुणीतरी सभेत सांगितली असणार. प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव त्यांनी पोराला दिलं. गाव मात्र वडिलांना हाक मारायचं, "ए कचऱ्याच्या".

आपल्या हातात जमीन नाही, पाणवठा नाही. पोराला द्यायला फक्त नाव आहे, तर तेही गाव तोंडात घेत नाही. अशा माणसांना एक दिवस कळतं की आपल्या माणसाचं नाव सरकारी कागदावर, दगडी गेटवर, प्रत्येक जातीच्या पोराच्या पदवीवर लागणार आहे. सगळ्यांना ते पूर्ण उच्चारावं लागणार आहे. बाबासाहेबांच्या जागी आंबेडकऱ्या म्हणता येणार नाही. आजीला एवढंच कळलं होतं आणि माझ्या मते तिला सगळं कळलं होतं.

विरोध करणाऱ्यांनाही हे कळलं होतं, म्हणून तर आग लागली.

पण विरोधातले सगळे जाळायला निघालेले नव्हते. कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणीचे आजोबा निजामाच्या तुरुंगात होते. त्यांच्यासाठी 'मराठवाडा' या पाच अक्षरांत रझाकारांचे दिवस होते, १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तिदिन होता, आणि उर्दूतून शिकवणाऱ्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठानंतर १९५८ मध्ये आपल्या मातीत निघालेलं पहिलं विद्यापीठ होतं. गोविंदभाई श्रॉफांसारखा मुक्तिसंग्रामातला निःस्पृह नेता नामांतराच्या विरोधात उभा राहिला, तो या भावनेतून. मैत्रिणीच्या घरी मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रागानं उठून आले होते. आज राग नाही. त्यांच्या जवळचं नावही कुणीतरी तुरुंगात राहून कमावलं होतं. पण एक गोष्ट मी तेव्हाही बोलले आणि आजही बोलेन: तुमच्या नावाचं दुःख खरं होतं, तर आमच्या वस्त्या पेटल्या त्या आठवड्यात तुम्ही गावोगाव जाऊन आग विझवायला हवी होती. नावाच्या प्रेमापायी दुसऱ्याची ज्वारी कशी जळू द्यायची?

एक गोष्ट मला अलीकडे छळते. आज गेटजवळ पुढाऱ्यांचे फ्लेक्स इतके होते की रस्त्यावरून गेटवरचं नाव दिसेना. बाबासाहेबांचा फोटो कोपऱ्यात, पुढाऱ्याचा मधोमध. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणातली विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते. मग आजीचं ते कपाळाला हात लावणं कशात मोडतं? मी खूप विचार केला. आजी कुणापुढे वाकत नव्हती. गावात वाकून वाकून तिची पाठ गेली होती. इथं ती आपल्या जळालेल्या घराची, न मिळालेल्या शाळेची दरवर्षी येऊन हजेरी लावत होती. फ्लेक्सवाल्यांना ही हजेरी हवी असते, कारण ती त्यांना कमवावी लागत नाही. आमच्या माणसांनी तरी हा फरक सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

घरी आल्यावर ट्रंकेतून दोन्ही पदव्या काढल्या. वडिलांची १९८४ ची, बी. ए., मराठवाडा विद्यापीठ. कडेला वाळवी लागलीय. माझी २००९ ची. ती मिळाली त्या दिवशी आजीनं विचारलं होतं, "ह्यात बाबासाहेब कुठं हायेत?" मी तिचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं. तिनं ते कितीतरी वेळ उचललं नाही. हळदीचं बोट होतं. पिवळा डाग अजून आहे, 'आंबेडकर'मधल्या 'ड'वर, फिकट झालाय.

लॅमिनेशन करायचं मनात होतं, पण त्या उष्णतेनं डाग जाईल का, ही भीती वाटते. वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "माझी कर. तुझी राहू दे तशीच."