घाटातली रांग आणि दीडशे वॅट

धुक्यात पहिली खूण दिली ती इंडिकेटरने. वळणाआधी डावा इंडिकेटर लावला, तर नेहमीची टिकटिक ऐकू येईना. दिवा लागायचा, बराच वेळ तसाच राहायचा, मग कसाबसा विझायचा. ब्रेक दाबला की मीटरचा उजेडही मंदावत होता. दोन्ही गोष्टी माझ्या लक्षात आल्या, पण समोरच्या ट्रकचे मागचे दिवे नजरेआड होऊ नयेत एवढ्याच काळजीत मी होते. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होती आणि अंगावर बारीक पाऊस होता.

गाडी म्हणजे माझी मोटरसायकल, १५० सीसीची, इंजेक्शनवाली, किक नसलेली. चार दिवसांच्या या प्रवासासाठी मी तिच्यावर तीन गोष्टी नव्याने बसवून घेतल्या होत्या: धुक्यासाठी प्रत्येकी १८ वॅटचे दोन एलईडी दिवे, हँडलच्या मुठी तापवणारे ३६ वॅटचे ग्रिप हीटर आणि मोबाइलसाठी यूएसबी चार्जर, जो जोरात चार्जिंग करताना १५ वॅटपर्यंत खेचतो. बेरीज ८७ वॅट. गाडीच्या माहितीपुस्तिकेत जनित्राची क्षमता १५० वॅट दिली होती. ८७ म्हणजे दीडशेच्या आत, तेव्हा मी निर्धास्त निघाले.

खिंडीच्या थोडं अलीकडे रांग थांबली. पुढे एक अवजड वाहन वळणावर अडकलं होतं. अंधार पडत होता, मागून कोणी येऊन धडकेल ही भीती होती, म्हणून इंजिन चालू ठेवलं आणि सगळे दिवेही. बोटं बधिर झाली होती, म्हणून हीटर पूर्ण तापमानावर. चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून पाय ब्रेकवर, म्हणजे मागचा २१ वॅटचा बल्बही सतत पेटलेला. वीसेक मिनिटं झाली असतील. हेडलाइट पिवळी पडली, इंजिनाचा आवाज दोनदा अडखळला आणि गाडी बंद झाली. सेल्फ दाबला तर सीटखालून नुसतं कट-कट-कट-कट. रिले, म्हणजे मोटरला वीज जोडणारा विजेवरचा स्विच, ओढला जात होता आणि सोडला जात होता, मोटर फिरवण्याइतका जोर बॅटरीत उरलाच नव्हता.

मागच्या ट्रकचा चालक खाली उतरला. त्याने सेल्फचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "ताई, आता सेल्फ मारू नका. आधी जे जे लावलंय ते सगळं बंद करा. चावीपण काढा. दहा मिनिटं तिला हात लावू नका."

ती दहा मिनिटं मी अंधारात उभी राहिले आणि जी बेरीज घरीच करायला हवी होती ती तिथे केली.

दीडशे वॅट पूर्णपणे माझे नव्हतेच. आधी गाडी स्वतःचा वाटा घेते. हेडलाइट ३५ वॅट, आणि ती इंजिन चालू असेपर्यंत बंद करता येत नाही. मागचा दिवा ५, मीटर ३. पेट्रोल पंप, इंजेक्टर, ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक) आणि ठिणगी मिळून साधारण ४५. झाले ८८. म्हणजे सामानासाठी उरतात ६२ आणि मी लावले होते ८७. गाडी जोरात पळत असतानाही मी २५ वॅटने तोट्यातच होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पुस्तिकेतल्या आकड्यापुढे '५००० आरपीएमला', म्हणजे इंजिन मिनिटाला इतके फेरे घेत असताना, असं लिहिलेलं असतं. लहान गाडीचं जनित्र म्हणजे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकाला फिरणारं चुंबक आणि त्याच्या आत बसवलेल्या तारांच्या गुंडाळ्या, ज्याला मेकॅनिक मॅग्नेट कॉइल म्हणतात. चुंबक जितकं जोरात फिरेल तितकी वीज. जागेवर उभं राहून १४०० वर इंजिन फिरत असताना माझ्या गाडीतून निम्मीच निघत असेल असं धरलं, तरी हातात ७५ वॅट. गरज १७५ ची, शिवाय ब्रेकचा बल्ब. उरलेली शंभरावर वॅट बॅटरीतून जात होती, म्हणजे ८ अँपिअरहून जास्त. बॅटरी ६ अँपिअर-तासांची. एवढ्या जोराने ओढली तर लहान लेड-ॲसिड बॅटरी तिच्यावर लिहिलेले सहासुद्धा पूर्ण देत नाही. शिवाय चढावर तासभर ती आधीच रिकामी होत आली होती.

धुकं, थंडी, चढ, रांग. सामान लावायचा खरा प्रसंग हाच आणि जनित्र सगळ्यात कमी वीज देतं तेही नेमकं याच वेळी.

दहा मिनिटांनी चावी फिरवली. पंपाचा तो दोन सेकंदांचा बारीक 'घूंऽ' ऐकायला मी टाकीला कान लावला. आला, पण दबका. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांपैकी ज्यांची ठिणगी थेट मॅग्नेटवर चालते, त्या बॅटरी मेली तरी किकवर सुरू होतात. इंजेक्शनच्या गाडीला मात्र पंप आणि ईसीयू जागे होण्यापुरता व्होल्टेज लागतोच. तो थोडा सावरावा म्हणूनच ती दहा मिनिटं. चालक आणि त्याच्या जोडीदाराने मागून धक्का दिला, मी दुसरा गिअर टाकून क्लच धरला होता. दोनदा चाक नुसतं घसटलं. तिसऱ्यांदा क्लच सोडताच इंजिनाने पकड घेतली. "चार हजारावर धरून ठेवा!" ते मागून ओरडले. मी धरून ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते थंडीचं नव्हतं. त्या दोघांचे आभार मी तेव्हाही मानले आणि इथेही मानते.

मुक्कामी पोचल्यावर दुसऱ्या दिवशीचा प्रवास रद्द केला आणि गाडी उघडली. ज्याने सामान जोडून दिलं होतं त्याने तिन्ही गोष्टी हेडलाइटच्या तारेलाच पिळून जोडल्या होत्या, वर चिकटपट्टी. एका बारीक तारेतून हेडलाइटसकट १२२ वॅट, म्हणजे दहा अँपिअर. त्या वाटेत व्होल्टेज गळतो आणि त्याचा फटका हेडलाइटला फार बसतो: हॅलोजनला १० टक्के व्होल्टेज कमी मिळाला तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. कॉइलकडून रेग्युलेटरकडे (कॉइलची वीज बॅटरीजोगी करून देणाऱ्या डबीकडे) जाणारा प्लास्टिकचा कनेक्टर काढला, तर त्याची एक खाच तपकिरी झालेली, पिन काळपट. बोटाने चोळल्यावर काळी भुकटी हाताला लागली. असा कनेक्टर एक दिवस वितळतो आणि मग चार्जिंगच थांबतं. पिन घासून चकचकीत केली, घट्ट दाबली. परतल्यावर तो बदललाच.

तिन्ही जोडण्या सोडवल्या आणि बॅटरीपासून वेगळी, जाड तार घेतली. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, कारण फ्यूज दिव्याला वाचवायला नसून तारेला वाचवायला असतो. फ्यूजच्या आधी तार कुठे घासून गाडीच्या धातूला टेकली तर आग लागायला कोणीच अडवत नाही. दिव्यांना ३६ भागिले १२ म्हणजे ३ अँपिअर, म्हणून त्यांच्या फाट्यावर ५ चा फ्यूज. हीटरलाही तसाच. मध्ये एक रिले, ज्याला पार्किंग लाइटच्या तारेवरून इशारा मिळतो. त्यामुळे चावी काढली की सगळं आपोआप तुटतं. हे मला पटकन सुचलं ते चार्जरमुळे. तो आता थेट बॅटरीवर येणार, तेव्हा त्याचा निळा ठिपका चावी बंद असताना पेटलेला राहू नये असं वाटत होतं. असा चार्जर २० मिलिअँपिअर जरी पीत राहिला, तरी दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास जातो. आठवडा गाडी उभी राहिली तर माझी बॅटरी अर्ध्याहून खाली.

मग हँडलवर छोटा व्होल्टमीटर लावला आणि अंगणात गाडी चालू करून तासभर नुसती मोजणी केली. जागेवर, फक्त गाडीचे स्वतःचे दिवे: १२.९ व्होल्ट. ग्रिप हीटर लावला: १२.४ आणि हळूहळू उतरता. तोच हीटर ४००० वर: १३.७. त्यात धुक्याचे दिवेही: १३.१. चार्जरही: १२.८ आणि उतरता. या आकड्यांतून जे कळलं ते कुठल्याही वॅटच्या बेरजेतून कळलं नसतं. इंजिन चालू असताना साडेतेराच्या वर काटा असेल तर बॅटरी भरते आहे. तेराच्या खाली आला तर ती खर्च भागवते आहे. तुमच्या गाडीचे आकडे निराळे येतील, पण ते असेच एकेक स्विच लावून काढा.

मुक्कामी असलेल्या दुसऱ्या एका चालकाने मोठी बॅटरी घालायला सुचवलं. मला ते पटत नाही. टाकी मोठी केली म्हणून नळाला जास्त पाणी येत नाही. रिकामी व्हायला थोडा जास्त वेळ लागेल आणि भरायलाही. कॉइल जास्त वेढ्यांची करून घेण्यावरही माझा विश्वास नाही. बहुतेक लहान गाड्यांतला रेग्युलेटर न वापरलेली वीज शॉर्ट करून टाकतो, त्या प्रवाहाने कॉइल तापते आणि रेग्युलेटरही. तपकिरी झालेला कनेक्टर पाहिल्यावर त्या जोडीवर आणखी भार टाकायची माझी तयारी नाही. भार कमी करणं हाच खरा मार्ग. हीटर निम्म्यावर आणि फक्त गाडी धावताना. मोबाइल दिवसा मोकळ्या रस्त्यावर चार्ज करायचा, घाटात नाही. धुक्याचे दिवे मी काढणार नाही, कारण वळणाची कड मला त्यांच्यामुळेच दिसते.

परतीला तोच घाट, पुन्हा धुकं, खिंडीखाली पुन्हा रांग. हीटर आधीच बंद होता. थांबल्याबरोबर धुक्याचे दिवे बंद केले, पाय ब्रेकवरून काढून हाताने पुढचा ब्रेकही न धरता गाडी स्टँडवर घेतली. १२.९. पाच मिनिटांत रांग हलत नाही असं दिसल्यावर इंजिन बंद केलं, मागच्यांना दिसावं म्हणून हेल्मेटवरचा सेलवर चालणारा लाल दिवा लावला. हातमोजे काढले आणि खाली वाकून दोन्ही तळवे सिलिंडरच्या पात्यांजवळ धरले. ऊब भरपूर होती. रांग हलली तेव्हा सेल्फ पहिल्या दाबाला लागला.