एचआयव्हीचा व्हायरल लोड आटोक्यात, तरी डोकं अडखळतं?

एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) नियमित, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चांगला, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) 'टीएनडी', म्हणजे तपासणीत विषाणू सापडत नाही. तरी नागपूरच्या इतवारीत दुकानावर बिलं करणारा माणूस एकच बेरीज तीनदा करतो. गिऱ्हाईक मध्येच बोललं की पुन्हा पहिल्यापासून. घरचे म्हणतात, टेन्शन असेल. एवढ्यावर विषय सोडू नका.

एचआयव्हीत हा त्रास बहुतेकदा वेगापासून सुरू होतो. काम होतं, पण वेळ लागतो, आणि दोन गोष्टी एकदम जमत नाहीत. तारीख-वार-गाव विचारणाऱ्या नेहमीच्या चाचणीत असा माणूस सहज पास होतो. म्हणून इंटरनॅशनल एचआयव्ही डिमेन्शिया स्केल ही छोटी चाचणी करून मागा. शिक्षण कमी असलं तरी चालतं. आधी चार शब्द सांगतात. मग ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताचा अंगठा आणि तर्जनी ५ सेकंद जमेल तितक्या भराभर उघडायची-मिटायची. १५ वेळा झालं तर पूर्ण ४ गुण. नंतर त्याच हाताने टेबलावर मूठ, पालथा पंजा, करंगळीच्या कडेवर उभा पंजा, हा क्रम १० सेकंदांत ४ वेळा. गडबड बहुधा इथेच होते: मुठीनंतर पुन्हा मूठच पडते. शेवटी ते चार शब्द आठवायचे. १२ पैकी १० किंवा कमी गुण आले तर पुढची तपासणी हवी. तेवढ्यावरून निदान ठरत नाही. आणि हलका त्रास या चाचणीतूनही निसटतो. ११ गुण येऊनही कामात चुका होत असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

बरी होणारी कारणं आधी शोधायची: बी१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी). दारू, उदासी आणि झोपही विचारात घ्या. एआरटीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाने काहींची झोप उडते. डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी घेता येते. ॲसिडिटीचं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं औषध सोबत घेतलं तर डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही. ॲसिडिटीचं औषध घेण्याआधी २ तास किंवा घेतल्यावर ६ तासांनी डोल्युटेग्राविरची गोळी घ्या. डोकं चालत नाही म्हणून एआरटी मात्र स्वतःहून बंद करू नका, त्याने मेंदूचंच नुकसान होतं.

ताप, सतत डोकेदुखी, उलट्या, फिट किंवा अचानक बरळणं असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. टीबी किंवा बुरशीचा मेंदूज्वर असू शकतो.

एआरटी सेंटरला जाताना 'विसरतो' एवढंच सांगू नका. कुठलं काम, कधीपासून, पूर्वी किती वेळ लागायचा आणि आता किती, हे कागदावर लिहून न्या. घरातल्या ज्याला तुमचं स्टेटस माहीत आहे, त्याला सोबत घ्या. बदल आधी त्याच्या लक्षात आलेला असतो.