किल्ट ठरला हो, पण डोक्यावर काय? माझा अनुभव

स्कॉटलंडच्या ग्लासगोत राहून 6 वर्षं झाली पण किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचा तो चौकटींचा घागरा, घालायची वेळ कधी आली नव्हती, ती गेल्या ऑक्टोबरात आली. ऑफिसातल्या मित्राचं लग्न, लॉख लोमंड तलावाच्या काठावर, विधी उघड्यावर आणि जेवण नाच हॉलमध्ये, आणि पठ्ठ्याने आम्हा पाच सहा जणांना सांगून टाकलं की किल्टमध्येच यायचं. किल्ट भाड्याने मिळतो म्हणा, सोबत जाकीट, पुढे लटकवायची स्पोरन नावाची चामडी पिशवी, गुडघ्यापर्यंतचे मोजे, लांब नाड्यांचे बूट, मोज्यात खोचायचा छोटा सुरा, सगळं एका बॅगेत भरून देतात. टोपी मात्र त्यात नसते. आणि मला टोपी पाहिजेच होती, कारण माझे केस आता कानामागे उरलेत तेवढेच आणि लॉखवरून येणारा ऑक्टोबरचा वारा काय असतो ते टकल्यालाच विचारा.

लेकीने आधीच एडिनबराच्या रॉयल माईल रस्त्यावरून एक टोपी आणून ठेवली होती, लाल टार्टनची म्हणजे स्कॉटिश चौकटींच्या कापडाची आणि खालून नारिंगी खोटे केस लोंबणारी. इथे तिला ‘सी यू जिमी’ टोपी म्हणतात, मॅचला जाताना किंवा दारू पिऊन रस्त्यात गाणी म्हणताना घालतात. केसांची सोय झाली बाबा तुझी, म्हणाली. असो.

मी डोकं लावलं की किल्टच्याच टार्टनची टोपी घेऊ, मॅचिंग होईल. दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी आधी विचारलं जाकीट कुठलं आहे. मला वाटलं काय संबंध, पण तिथेच सगळं होतं. संध्याकाळच्या पार्टीचं काळं, चकचकीत बटणांचं प्रिन्स चार्ली जाकीट असेल तर शक्यतो डोकं उघडंच ठेवतात, आणि दिवसाचं ट्वीड असेल तर टोपी शोभते, तीही साध्या एकरंगी लोकरीची. म्हणजे टोपी जुळवायची जाकिटाशी, किल्टशी नाही, खाली चौकटी आणि वर पण चौकटी केल्या तर माणूस पडदा दिसतो. नशिबाने माझं ट्वीडच होतं.

मग पहिल्यांदा ग्लेनगॅरी घालून बघितली. ही टोपी म्हणजे आपली गांधी टोपीच, घडी पडणारी, होडीसारखी, फक्त काळी किंवा गडद निळी, डोक्यावर लाल गोंडा आणि मागे दोन रिबिनी लोंबतात. गोंड्याला इथे टूरी म्हणतात, हे ऐकून मला दोन दिवस तुरीची डाळच आठवत होती. नाव पडलं ते ग्लेनगॅरीच्या मॅकडॉनेल सरदारावरून, 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा त्या सरदाराने किंवा त्याच्या बॅगपाइप वाजवणाऱ्याने असली टोपी घातली होती म्हणे. मी उचलली ती नेमकी कडेला लाल पांढऱ्या चौकटींची पट्टी असलेली, आरशात एकदम रुबाबदार. काका हळूच म्हणाले, कुठल्या रेजिमेंटमध्ये होतास? ती चौकटीची पट्टी फौजेतून आलेली, लाल पांढरी म्हटलं की इथल्या लोकांना आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स ही पलटण आठवते. गपचूप काढून ठेवली. साधी ग्लेनगॅरी चालली असती, पण तिच्यात मी पाइप बँडमधून चुकून बाहेर पडलेल्या माणसासारखा दिसत होतो, आणि कान दोन्ही उघडे.

शेवटी बाल्मोरल. गोल, चपटी, वर टूरी, डाव्या बाजूला काळ्या रिबिनीचं फूल असतं त्याच्यावर बिल्ला लावायचा, मागच्या रिबिनी खरं तर टोपी घट्ट करायला होत्या, आता नुसत्या लोंबतात. जुन्या निळ्या बॉनेटचीच, म्हणजे स्कॉटिश लोकरी टोपीचीच, ही नात, स्ट्युअर्टन गावाला अजून ‘बॉनेट टून’ म्हणजे बॉनेटचं गाव म्हणतात ते याच धंद्यामुळे, आधी मोठी ढगळ विणायची आणि मग भिजवून कुटून आटवायची की लोकर दाट होते आणि पाऊस लवकर आत शिरत नाही. माझं डोकं 58 सेंटिमीटर भरलं. गडद निळी घेतली, 35 पाऊंड गेले.

बिल्ल्याचा वेगळाच किस्सा. काउंटरवर ट्रे भरून क्लॅनचे म्हणजे इथल्या कुळांचे बिल्ले, भोवती पट्टा आणि बक्कल. एक सिंहाचा मस्त होता, म्हटलं हाच द्या. तर कळलं की पट्टा-बक्कल म्हणजे मी अमुक क्लॅनच्या चीफचा माणूस अशी कबुली. आमच्या कुळाचा चीफ जेजुरीला बसलाय, त्याचा बिल्ला काही इथे मिळेना. पिसं तर अजून अवघड, तीन गरुडपिसं म्हणजे खुद्द चीफ, त्यामुळे शोभेला म्हणून खोचलेली पिसाची टोपीपण नको म्हटलं. थिसलच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या त्या काटेरी झाडाच्या, फुलाचा साधा बिल्ला घेतला, तो कुणीही लावावा.

आता घरी बायको, ती कोल्हापूरची. तिचं एकच, फेटा बांध. म्हणे किल्टला 8 यार्ड कापड, फेट्याला पण जवळपास तेवढंच, माझी नऊवारी 9 वार, एकदम शोभून दिसू. मला खरंच पटलं होतं, इथे ग्लासगोत शीख मंडळी किल्टवर पगडी घालून लग्नाला जातात आणि काय दिसतात, त्यांचं तर सिंग नावाचं टार्टनसुद्धा आहे. पण दोन गोष्टी अडल्या. एक तर बॉनेट आत शिरलं की काढायचं असतं, चर्च असो की जेवणाचं टेबल, आणि फेटा कसा काढणार, आपल्यात भर मांडवात फेटा उतरवणं म्हणजे काय ते सांगायला नको, म्हणजे तो रात्रभर डोक्यावर ठेवून केली नाचायचं. केली म्हणजे त्यांचा नाच, त्यात एका हातातून दुसऱ्या हातात माणसाला भोवऱ्यासारखं फिरवतात. दुसरी गोष्ट मोठी होती, नवरदेव स्वतः उघड्या डोक्याने उभा राहणार होता. त्याच्या शेजारी मी भगवा फेटा, वर तुरा, असा उभा राहिलो असतो तर फोटो बघणाऱ्या प्रत्येकाने विचारलं असतं की लग्न नक्की कुणाचं. शिखांची पगडी रोजची असते, माझा फेटा फक्त लग्नातला, हा फरक बायकोला पण पटला, पटला म्हणजे गप्प बसली.

नवी बाल्मोरल डब्यातून काढली की पातेल्यावरच्या झाकणासारखी दिसते हे कुणी सांगत नाही. किटलीच्या वाफेवर धरली, ओलसर केली, उजवीकडे खाली ओढली आणि पालथ्या भांड्यावर रात्रभर वाळत ठेवली, सकाळी बऱ्यापैकी वळण आलं होतं. घालायची कशी तर पट्टी कपाळावर सरळ, भुवईच्या वर दोन बोटं, कापड उजव्या कानाकडे झुकलेलं आणि डावीकडे बिल्ला ताठ. पहिल्या वेळी मी पिझ्झावाल्यासारखी मधोमध घातलेली.

लग्नात वाऱ्याने दोघांच्या टोप्या उडाल्या, एक तर पाण्याच्या कडेपर्यंत गेली, माझी टिकली कारण मागची रिबीन मी खरोखर आवळून बांधली होती. विधी चालू असताना नवऱ्याचे वडील वळून माझ्याकडे बघत होते, मला वाटलं काहीतरी चुकलं, तर नंतर येऊन बिल्ला अर्धा इंच पुढे सरकवला आणि काही न बोलता गेले. हॉलच्या दारात सगळ्यांबरोबर मीपण टोपी काढली, स्पोरनमध्ये कोंबायला गेलो तर मावेना, मग खुर्चीखाली ठेवली आणि नाचात कुणीतरी तिच्यावर पाय दिला. किल्ट सोमवारी परत गेला. टोपी पुन्हा वाफेवर धरून सरळ केली, आता थंडीत बसस्टॉपला तीच घालतो, थिसल काढून.