फाइलची तारीख १ जानेवारी १९८०

जुन्या फ्लॉप्यांतला डेटा काढून देणाऱ्या माझ्या दुकानात नौपाड्यातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आले ते एकच फ्लॉपी घेऊन. साडेतीन इंची, काळी, पिशवीत पिशवी घालून गुंडाळलेली. लेबलवर बॉलपेननं ‘वा. स. सभा’. इमारत पुनर्विकासाला निघाली आहे आणि मागच्या अंगाचं बंद गॅरेज कुणाचं यावर सहकार न्यायालयात दावा चालू आहे. ऑगस्ट १९९८च्या वार्षिक सभेत ठराव क्रमांक ७ होऊन ते एका सभासदाला दिलं, असं कमिटी म्हणते. हा ठराव २००३च्या सुमारास मागाहून घुसडला, असं दाव्यातल्या समोरच्या बाजूचे काका म्हणतात. मूळ मिनिट बुक २६ जुलै २००५च्या पावसात तळमजल्यावरच्या ऑफिससकट गेलं. उरली झेरॉक्सची झेरॉक्स, आणि ही फ्लॉपी.

फ्लॉपीची गिऱ्हाइकं आता क्वचितच येतात. जपान सरकारनं फ्लॉपी सक्तीची करणारे नियम रद्द केल्याची बातमी २०२४च्या जुलैत आली, तेव्हा ती मला इतक्या जणांनी पाठवली की जणू माझंच दुकान बंद पडत होतं. सोनीनं जपानमधली विक्री २०११मध्येच थांबवली होती. पण ठाण्यातल्या माळ्यांवरचे डबे बातम्या वाचत नाहीत.

सेक्रेटरींच्या भाच्यानं आधीच ती यूएसबी ड्राइव्हला लावून पाहिली होती. विंडोजनं फॉरमॅट करू का विचारलं, तेव्हा पोरगं घाबरून थांबलं. नशीब एवढंच की कोपऱ्यातली खिडकी उघडी होती. साडेतीन इंचीत खिडकी उघडी असली की ड्राइव्ह त्यावर काही लिहीत नाही. पाचात चार जण उलटं समजतात, त्यात दुकानं चालवणारेही आले.

फ्लॉपीचं शटर सरकवलं तर आतल्या चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके. आपल्याकडच्या दमट हवेत हे ठरलेलंच. अशी फ्लॉपी थेट ड्राइव्हमध्ये घातली की हेड ती बुरशी खरवडतं आणि डेटाही घेऊन जातं. म्हणून प्लास्टिकचं कवच फोडून चकती बाहेर काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हलक्या हातानं पुसली, दुसऱ्या कोऱ्या फ्लॉपीच्या कवचात बसवली. मग जुन्या अंतर्गत ड्राइव्हवर, चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपणाऱ्या बोर्डातून पूर्ण वाचन. ८० ट्रॅक, दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर, सेक्टरमध्ये ५१२ बाइट : १४,७४,५६० बाइट. (हिला १.४४ एमबी म्हणणाऱ्यानं हजाराचा आणि १०२४चा हिशेब एकाच आकड्यात मिसळलाय. ते मला अजून खुपतं.) मोजके सेक्टर गेले, पण ठरावाची फाइल शाबूत होती.

ती उघडली की पडद्यावर युरोपी स्वरचिन्हांची खिचडी दिसते. व्हायरस आहे म्हणून असल्या फाइली उडवणारे लोक मला माहीत आहेत. प्रत्यक्षात तो इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा जुना अक्षरसंकेत होता. विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीच्या काळात जिस्ट कार्ड लावून संगणकावर देवनागरी दिसायची, तेव्हाचा. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं ते काम पुढे पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलं. आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड संकेतानं देवनागरीचा क्रम इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून उचलला, म्हणून रूपांतर जवळजवळ तक्ता लावण्याइतकं सोपं होतं. नंतरच्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं, तर ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार जागेवर बसवता बसवता आठवडा गेला असता. इथे ठराव क्रमांक ७ अर्ध्या तासात वाचता आला. गॅरेज, सभासदाचं नाव, सूचक, अनुमोदक, सगळं.

सेक्रेटरींनी तिथल्या तिथे वकिलांना फोन लावला. मी म्हटलं, थांबा, तारीख बघा.

फाइलची तारीख होती १ जानेवारी १९८०, वेळ पहाटे १ वाजून ५२ मिनिटं. इमारत १९८६ची.

फ्लॉपीवर फाइलींची नोंद ठेवायच्या फॅट पद्धतीत तारखेला १६ बिट असतात. त्यातले ७ वर्षाला, आणि मोजणी १९८०पासून. मदरबोर्डवरचा सेल मेला की चालू होताना घड्याळ त्याच पहिल्या दिवसावर जातं. डॉस तारीख विचारायचा आणि टाइप करणारा एंटर मारून पुढे जायचा. सेल बदलायचे कष्ट कोण घेणार? तेव्हा संगणक सुरू केल्यावर साधारण दोन तासांनी फाइल सेव्ह झाली, एवढं मी बऱ्यापैकी सांगू शकतो. कोणत्या वर्षी, ते नाही.

मग इतर खुणा शोधल्या. ठरावाची फाइल जिथे संपते, त्याच्या लगेच पुढच्या सेक्टरांत एका पुसलेल्या लग्नपत्रिकेचं शेपूट सापडलं. शके १९२०, वैशाखातला मुहूर्त, म्हणजे १९९८चा एप्रिल-मे. खाली ‘कृपया आहेर आणू नये’. वधूवरांची नावं नाहीत, कारण पत्रिकेच्या सुरुवातीवरच ठराव लिहिला गेलाय. म्हणजे ठराव पत्रिकेनंतरचा. ऑगस्ट १९९८ बसतं. पण २००३ही बसतं.

दुसरी खूण बूट सेक्टरमध्ये, म्हणजे फ्लॉपीच्या पहिल्याच सेक्टरमध्ये. विंडोज ९५ आणि ९८ला खोड होती : खिडकी बंद असलेली फ्लॉपी नुसती वाचली तरी तिच्या सुरुवातीच्या ओळखीत स्वतःची अक्षरं घुसवायची. इथे डॉसची ओळख जशीच्या तशी होती. फाइलच्या नोंदीत निर्मितीची वेळ आणि शेवटच्या वापराची तारीख दोन्ही शून्य. डॉस ती भरत नसे. म्हणजे सगळं काम निव्वळ डॉसच्या यंत्रावर झालंय. २००३मध्ये कुणाला खोटा ठराव करायचा असता, तर मेलेल्या सेलचं डॉसवालं यंत्र आणि जिस्ट कार्ड कशाला शोधलं असतं? माझं स्वतःचं मत म्हणाल तर ठराव खरा आहे.

वकीलसाहेबांना मत नको होतं. “प्रमाणपत्रात फक्त १९९८ लिहा, एक ओळ.” १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यातल्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञानं भरायचा, हॅशसकट (म्हणजे डेटावरून गणितानं काढलेला ओळखक्रमांक). मी इमेजचा, म्हणजे फ्लॉपीच्या पूर्ण नकलेचा, हॅश दिला, वाचनाची पद्धत लिहिली, तारीख १९८० दिसते आणि ती का भरवशाची नाही हे लिहिलं, पत्रिकेचे सेक्टर जोडले. “ठराव यानंतर कधीही लिहिलेला असू शकतो” हे वाक्य गाळा म्हणून सेक्रेटरी दोनदा येऊन बसले. गाळलं नाही. हॅश म्हणजे सत्याचा शिक्का, हा गैरसमज वकिलांत इतका पक्का आहे की बोलायची सोय नाही. मी वाचलं ते आणि तुमच्या हातात आहे ते एकच, एवढंच तो सांगतो.

त्यानंतर समोरचे काका एकटेच आले. निवृत्त माणूस, आवाज अगदी शांत. एकच विचारलं : “अशी फ्लॉपी आज कुणाला बनवता येईल का हो?”

येईल. माझ्या मागच्या फळीवर चारशे-शहाऐंशी प्रोसेसरचा जुना संगणक आहे, जिस्ट कार्ड आहे, मेलेला सेल तर त्यात बसलेलाच आहे. पत्रिकेचं शेपूटसुद्धा ठेवता येईल. दुपारभराचं काम. बुरशी तेवढी आणता येणार नाही, पण तिचंही वय कुणी मोजून देत नाही.

काकांना मी खरं ते सांगितलं, आणि संध्याकाळी फोन करून सेक्रेटरींनाही सांगितलं की कोर्टात विचारलं तर हेच उत्तर देईन. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. सेक्रेटरींनी अजून उरलेलं बिल दिलेलं नाही.