शेवटी तो बरा होतो का?

माझी रहस्यकादंबरी वाचलेले लोक भेटले की दोन प्रश्न ठरलेले असतात. शोध लावणारा मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, का दाखवलात, हा पहिला. दुसरा त्याहून जास्त वेळा येतो. फोनवर येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, एकदा वरुडच्या एसटीत शेजारच्या बाईंनी माझा हात धरून विचारला होता: "शेवटी तो बरा होतो का हो?"

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. नुसतं हो किंवा नाही म्हणून भागणार नाही, आमच्या घरचा एक पोळा सांगावा लागेल.

विदर्भाबाहेरच्यांना कदाचित ठाऊक नसेल, बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. तो पोरांचा सण. लाकडी नंदी रंगवून, झूल घालून पोरं तोरणाखाली आणतात आणि मग घरोघरी फिरवून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. आमच्या घरचा नंदी सागवानी होता, पणजोबांच्या वेळचा, कमरेइतका उंच, खाली चार लाकडी चाकं. त्याच वर्षी बाबा आणि काका वेगळे निघाले होते. वावराची वाटणी झाली, भांड्यांची झाली. नंदी आमच्या छपरीत राहिला.

मी तेव्हा नववीत होते, भाऊ अकरा वर्षांचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर छपरीत नंदी नाही.

गावात अशा वेळी बोट कोणाकडे जातं हे गावात राहिलेल्याला सांगावं लागत नाही. आमच्या सालदाराचा पोरगा आदल्या संध्याकाळी नंदीच्या पाठीवरून हात फिरवत बसला होता. तेवढं पुरलं. नऊ वाजेपर्यंत त्याला दोन थापडा बसल्या होत्या, त्याची माय आमच्या दारात उभी राहून पदर तोंडात धरून रडत होती. आणि माझा भाऊ खांबाला टेकून एकच आवाज काढत होता. कुई, कुई, कुई, कट्. थोडं थांबायचा आणि परत. कुई, कुई, कुई, कट्.

"चूप बस रे बावा," बाबा दोनदा ओरडले. कोणीतरी त्याला समोर उभं करून, खांदे धरून विचारलं, "कोनं नेला नंदी? पाह्यलं का तू?" त्यानं कानावर हात घेतले आणि आवाज आणखी मोठा झाला. झालं, सणाच्या दिवशी पोराला झटका आला, असं सगळ्यांनी ठरवलं.

आजी मात्र मुगाच्या शेंगांचं टोपलं घेऊन त्याच्या बाजूला जाऊन बसली. समोर नाही, बाजूला. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे कधी पाहत नसे, तोही तिच्याकडे पाहत नसे, दोघं मिळून एकाच टोपल्याकडे पाहत. त्याच्या हातात तिनं चार शेंगा दिल्या. बऱ्याच वेळानं, शेंगा सोलता सोलताच म्हणाली, "चाक कुठून कुठी गेलं?"

भाऊ उठला आणि चालायला लागला.

पोळ्याची रात्र म्हणजे अमावस्या. त्यातून लाइन गेलेली. कोणी काही पाहिलंच नव्हतं, त्यानंही नाही. 'कोण' आणि 'पाहिलं का' या प्रश्नांना त्याच्याजवळ खरोखरच उत्तर नव्हतं. तो झोपेत नव्हता, बाजेवर पडून ऐकत होता, एवढंच. नंदीचं मागचं डावं चाक कोरडं पडलं होतं आणि प्रत्येक फेऱ्याला कुरकुरायचं. आम्हा सगळ्यांना तो आवाज ओळखीचा होता, पण आमच्यापैकी कोणालाच तो आठवला नाही. भाऊ नालीवरच्या फरशीपाशी थांबला. कट् तिथला होता, चाक फरशीच्या काठावर आपटल्याचा. तिथून वळला. काकाच्या कोठ्यात शिरला आणि कुटाराच्या ढिगावर हात ठेवून उभा राहिला.

कुटार उकरल्यावर आधी शिंग दिसलं.

काका म्हणाला, "सांभाळून ठेवला होता." कोणी काही बोललं नाही. मला आज वाटतं की आजीला उत्तर आधीच माहीत होतं. बाबांनाही असेल. पण सख्ख्या भावाचं नाव घेण्यापेक्षा सालदाराच्या पोराला मारणं सोपं होतं. आमच्या डोळ्यांवर नात्याचा, जातीचा, देण्याघेण्याचा पडदा होता. भावाच्या कानावर तसा पडदा नव्हता. आजीनं त्या दिवशी नंदीची दोरी सालदाराच्या पोराच्या हातात दिली आणि तोरणापर्यंत ती स्वतः त्याच्या बाजूनं चालत गेली. त्या पोराची माफी मात्र कोणी मागितली नाही. मीही नाही. ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

कादंबरी लिहायला बसले तेव्हा मनात हेच होतं. कोझी मिस्ट्री म्हणतात तो प्रकार मला आवडतो, कारण त्यात रक्तपात पानांवर सांडत नाही, गाव छोटं असतं, माणसं एकमेकांना ओळखतात, आणि शोध घेणारा पोलीस नसून त्यांच्यातलाच कोणीतरी असतो. विदर्भातलं खेडं याला फार जुळतं. फक्त मला चोरीही आमच्याकडचीच हवी होती, म्हणून कापसाच्या खरेदीतला काटा घेतला. माझा नायक बावीस वर्षांचा आहे. तो रोज सकाळी खरेदीच्या जागी जाऊन काट्यावर उभा राहतो, आकडा पाहतो आणि परत येतो. एका मंगळवारी आकडा सव्वा किलोनं कमी येतो. तो उतरतो, परत चढतो, परत उतरतो, आणि मग जमिनीवर बसून ओरडायला लागतो. व्यापारी म्हणतो, याला घरी न्या. माणसं त्याला उचलून नेतात. गाड्या लागलेल्या असतात, कापूस मोजून होतो, चिठ्ठ्या फाटतात.

त्याचं ते ओरडणं हीच साक्ष होती. गावाला हे कळायला दीडशे पानं लागतात.

काही वाचकांनी सुचवलं की त्याला काहीतरी अचाट येऊ द्या. शंभर वर्षांचं कॅलेंडर पाठ, मोठमोठे गुणाकार तोंडी. मी ते मुद्दाम टाळलं. अशी देणगी काहींना असते, बहुतेकांना नसते. माझ्या भावाला दुकानातून परत आलेले सुटे पैसे मोजता येत नाहीत. स्वमग्न माणसाला आपल्या समाजात उभं राहायला जागा हवी तर त्यानं आधी चमत्कार करून दाखवायचा, ही अट मला कादंबरीतसुद्धा घालायची नव्हती. माझा नायक हुशारीनं चोर पकडत नाही. काल होतं ते आज तसंच आहे की नाही, हे तो तपासतो. आणि नसेल तर ते गिळून टाकणं त्याला जमत नाही.

आता 'बरा' या शब्दाकडे येते. माझी माय हा शब्द फार वर्षं डोक्यावर घेऊन फिरली. ग्रहणात हिनं विळा हातात धरला असेल, म्हणून पोरगा असा झाला, हे तिला तिच्या तोंडावर सांगणाऱ्या बाया होत्या. पुढे मी वाचलं की अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरनं १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन करून या अवस्थेला नाव दिलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं तिथल्या शिकल्यासवरल्या लोकांनीही आईच्या कोरडेपणालाच दोष दिला. तो समज पुढे खोटा ठरला. मी हे मायला वाचून दाखवलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. एवढंच म्हणाली, "तिथंबी मायच सापडली का त्याइले?"

भावाला नाव मिळालं तेच मुळी सव्विसाव्या वर्षी, नागपूरला. तोवर त्याच्या प्रमाणपत्रावर 'मतिमंद' असं होतं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यानं ते एकवीस केले, तेव्हा ती स्वतंत्रपणे आली. नव्या कागदासाठी आम्ही जिल्ह्याच्या गावी तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या माणसानं मला विचारलं, "याले बोलता येते का?" भाऊ माझ्या शेजारीच उभा होता. त्याच्या डोक्यावरचा पंखा खडखडत होता आणि तो त्या पंख्याची लय बोटांनी मांडीवर धरत होता.

तर, नाही. माझा नायक शेवटी बरा होत नाही, कारण त्याला काही आजार झालेला नाही. शेवटच्या पानावरही तो तसाच आहे. गर्दी त्याला सोसत नाही, भाजीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, दिसला तर ताट सरकवतो, नवा शर्ट घालत नाही. या प्रकारच्या कादंबरीत शेवटी सगळ्यांना एका खोलीत जमवून शोध लावणारा भाषण देतो. माझा नायक ते करू शकत नाही, आणि तो तसं करू शकेल असं मी लिहिलं असतं तर ती भावाशी लबाडी झाली असती. म्हणून माझ्या पुस्तकात एक म्हातारी त्याच्या बाजूला बसून नीट प्रश्न विचारते, तो उठून चालायला लागतो, आणि गाव न बोलता त्याच्या मागे जातं. बदलतं ते गाव, तेही सगळं नाही. काटेवाला शेवटपर्यंत त्याच्याशी बोलत नाही.

छापायला देण्याआधी मी तो भाग भावाला वाचून दाखवला. पुस्तकात नंदी नाही, पण चाकाचा आवाज मी ठेवला आहे, बंडीच्या चाकाला दिला आहे. आम्ही ओट्यावर बसलो होतो, दोघांच्या मध्ये शेंगांचं टोपलं. कुई, कुई, कुई, कट् असं मी वाचलं. त्यानं माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं.

"चार," तो म्हणाला.

मी परत वाचलं. त्यानं परत बोट ठेवलं. "चार. मग कट्."

इतकी वर्षं मला तीनच आठवत होते. छपरीपासून नालीच्या फरशीपर्यंत मी एकदा चालत जाऊन पावलं मोजली. मग घरी येऊन एक कुई वाढवली.