आठ इंची विंडोज टॅबवर जुने गेम: सध्या कुठवर आलंय

माझ्या आठ इंची विंडोज टॅबवर जुने गेम चालवतोय. टॅब तोच. ॲटम झेड३७३५एफ प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी (आतली साठवण). प्रोसेसर खरा ६४-बिट, पण यूईएफआय (टॅब सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) ३२-बिट आणि रॅम जेमतेम, म्हणून आतली विंडोज १० पण ३२-बिटच. यावर सगळे नाक मुरडतात. मला मात्र हीच या टॅबची जमेची बाजू वाटायला लागली आहे.

नव्वदच्या दशकातले कितीतरी गेम स्वतः ३२-बिट असतात, पण सीडीवरचा त्यांचा सेटअप असतो १६-बिट. ६४-बिट विंडोजवर तो सुरूच होत नाही. टॅबवर विंडोजने एनटीव्हीडीएम (१६-बिट प्रोग्रॅम चालवणारा विंडोजचाच भाग) टाकू का एवढंच विचारलं आणि गाडी पुढे गेली. सीडी ड्राइव्ह लागत नाही. दुसऱ्या पीसीवर सीडीची आयएसओ (अख्ख्या सीडीची एका फाइलमधली प्रत) करायची, मेमरी कार्डावर आणायची, विंडोज १० ती थेट माउंट करते, म्हणजे सीडी घातल्यासारखी उघडते. सेफडिस्कचं (कॉपी रोखणारं) कुलूप असलेल्या सीडी मात्र बाद, कारण त्या कुलपाला लागणारा ड्रायव्हर विंडोज १० चालूच देत नाही. असे गेम गॉगवर (गेम विकणारी साइट) असतील तर तिथून घ्यावेत. ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो, मागे दुकानाचं ॲप (लाँचर) रॅम खात बसत नाही. स्टीम या दुसऱ्या गेम-दुकानाचा विषय तर संपलाच, जानेवारी २०२६ पासून त्यांनी ३२-बिट विंडोजला रामराम केलाय.

डॉसचे गेम (डेव्ह, पहिला प्रिन्स ऑफ पर्शिया) एनटीव्हीडीएमवर फुल स्क्रीन होत नाहीत, त्यांना डॉसबॉक्सच (जुन्या डॉस पीसीची नक्कल करणारा प्रोग्रॅम) बरा.

स्क्रीनने जास्त छळलं. पॅनेल मुळात उभं, ८०० बाय १२८०, आडवं दाखवायचं काम विंडोज करते. जुना गेम ६४० बाय ४८० मागतो आणि चित्र आडवं पडतं किंवा नुसता काळा पडदा. डीजीवूडू हा छोटा प्रोग्रॅम टाकल्यावर यातले बरेच ताळ्यावर आले. तो जुन्या डायरेक्टएक्सचे (गेमला चित्र काढून देणारी विंडोजची सोय) कॉल नव्या डायरेक्ट३डी ११ वर वळवतो, आणि टॅबचं ग्राफिक्स तेवढं पेलतं. गेम खिडकीत चालवला की रिझोल्यूशनचा प्रश्नच उरत नाही.

बोटाने काय खेळता येतं? ओपनटीटीडी (रेल्वे-बस चालवायचा गेम) मस्त. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये राइट-क्लिकसाठी बोट दाबून धरेपर्यंत शत्रू गावात शिरलेला असतो. व्हाइस सिटी चालतो, पण कॅमेरा बोटाने फिरवायचा म्हणजे भिंगरीच. माउस हवाच, आणि तो ब्लूटूथचा. कारण मायक्रो-यूएसबीचं भोक एकच. त्यात ओटीजी (यूएसबी माउस वगैरे जोडायची तार) लावलं की चार्जिंग बंद.

जागेसाठी कॉम्पॅक्ट ओएस (विंडोजच्या फाइली दाबून ठेवायची सोय) चालू केलं, हायबरनेशन (बंद करताना रॅम डिस्कवर जपून ठेवणं) बंद केलं, गेम एनटीएफएस (विंडोजची फाइल-पद्धत) केलेल्या कार्डावर ठेवले. लिब्रे ऑफिसवर मराठी टायपिंग छान होतं, फक्त पडद्यावरचा कीबोर्ड अर्धं पान गिळतो. क्रोम उघडायचा नाही. अजिबात नाही.

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते आणि तिची ३२-बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे मुक्काम इथेच. १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून वाय-फाय बहुतेक वेळा बंदच ठेवतो.

आता चार्जिंग आणि ओटीजी एकदम चालवणारा हब शोधतोय. झेड३७३५एफवर कुणाचा चालला असेल तर कुठला ते सांगा.